कॉलर घासलीत का?

आमच्या इमारतीत एक गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक होती. तळमजल्यावरचे लिफ्टवाले काका रोज सकाळी काकूंना बडवतात. पुरावा कानांनी ऐकलेला. आधी धप्प, धप्प, आणि मग काकूंचा आवाज, "अहो, हळू मारा! हळू!" दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी हे सांगताना डोळे मिटून 'च्च च्च' करायच्या, तेही अगदी चवीने.

शेवटी आईने मला खाली पिटाळलं. निमित्त काय, तर आमचा टॉवेल त्यांच्या मागच्या दोरीवर पडलाय.

मार खात होता तो शर्ट.

काका एका मोठ्या कार्यालयात लिफ्ट चालवायचे. दिवसभर वर-खाली करायचं आणि संध्याकाळी होते तिथेच उतरायचं. पांढरा शर्ट सक्तीचा. काकूंचं अंग हळूहळू लुळं पडत चाललं होतं, आधी पाय, मग हात. तोवर काकांनी जन्मात हातरुमालसुद्धा धुतला नव्हता. आता ते मोरीत धोपटणं घेऊन उकिडवे बसायचे आणि काकू बाहेरच्या खोलीत पलंगावर. पलंगावरून मोरी दिसत नव्हती. काकू कानांनी बघायच्या.

"अहो, कॉलर घासलीत का?"

"घासली."

"खोटं. ब्रशचा खर्र खर्र आवाज यायला हवा. तुमचं नुसतं सुर्र सुर्र चाललंय. गुदगुल्या करताय का तिला?"

"मग काय कातडं सोलू?"

"आणि हळू मारा हो! बटणं आत घेऊन मारा. बटणांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

काका शर्ट पिळून मागे वाळत घालायला गेले, तर पाठोपाठ आवाज, "खांद्यालाच चिमटे लावलेत ना?"

"बघायला आली होतीस का?"

"सोपं असेल तेच तुम्ही करणार, त्यात बघायचं काय? खांद्यांना शिंगं येतात. उलटा टांगा."

"लिफ्टमध्ये माझी शिंगं कोण बघतंय?"

"हां, घालवा माझं नाव!"

टॉवेलचं मी विसरूनच गेले. मग रोज शाळेआधी खाली. काकूंची नक्कल काकूंच्याच समोर करायचे. त्या हसायच्या आणि वर सुधारायच्या, "मैने, 'अहो' अजून तिखट हवं." मोरीतून काका ओरडायचे, "एक पुरत नव्हती, म्हणून आता दुसरी!"

डॉक्टर आधीच सांगून गेले होते, की शेवटी जीभ जाईल आणि त्यावर औषध नाही. तसंच होत गेलं. 'कॉलर घासलीत का'चं नुसतं 'कॉलर' झालं. मग 'कॉ'. मग घशातून काहीतरी यायचं. त्याची नक्कल मला जमली असती. मी केली नाही.

आणि नेमके याच दिवसांत काका सुरेख धुवायला लागले. नीळ बेताची, कॉलर कोरी, बटणं जागच्या जागी. दोरीवर शर्ट उलटे, शहाण्यासारखे लटकलेले. आणि बाहेरच्या खोलीतून काहीच नाही.

"गेला आवाज," एका सकाळी काका म्हणाले.

मला पटेना. "काका, तुम्ही चुकतच नाही, तर त्या बोलतील कशाला? उद्या कॉलर सोडा. बघा कशा कडाडतात. पैज!"

"नाही बोलणार ती."

"मग लावा ना पैज."

"लावली."

एवढ्या मनापासून हरायला निघालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्रशला हातच लावला नाही. बटणं वर ठेवून शर्ट धोपटला, एक बटण टण्णकन उडालं. दोरखंडासारखा पीळ दिला. खांद्यांना चिमटे लावून तो बाहेरच्या खोलीच्या खिडकीतच टांगला, काकूंच्या डोळ्यांसमोर. पाणी लादीवर टपटपत होतं. मी पलंगाजवळ उभी.

काका दारात आले. हात ओले. "अगं, कॉलर नाही घासली मी."

काकूंचे डोळे शर्टावर गेले. तिथून काकांवर आले. ओठ जागेवरच.

"बटण पण तोडलं."

काही नाही.

"अगं, खांद्याला टांगलाय!" हे ते इतक्या मोठ्यांदा म्हणाले, की वरच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

काकूंनी डोळे मिटून घेतले. मग काकांनी खिडकीतून शर्ट काढला.

"काका, हरले मी," मी म्हटलं. "काय देऊ?"

त्यांनी शर्ट माझ्या हातात दिला. "परत भिजत घाल. असा घालून गेलो तर साहेब बोलतील."