तीन हॉल्ट

शिंदखेडा पथकात मी बावीस वर्षं होमगार्ड होते. शिक्षण चौथी. मी भरती झाले तेव्हा तेवढं चालायचं. होमगार्डला लोक सैनिक मानत नाहीत. ज्याला मानायचं नाही त्याने मानू नये. खाकी, बूट, शिटी, लाठी आणि हुकूम, एवढं आमच्याकडेही होतं. बंदूक नव्हती. यात्रा, परीक्षा, गणपती, निवडणूक, जिथे पाठवतील तिथे उभं राहायचं.

एका निवडणुकीला माझी आणि मंगलाची ड्यूटी शिरपूरच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावर लागली. तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांची होते, मंगला एकतीसची. तिचं माहेर सोनगीर, सासर शिंदखेडा. नवरा वारल्यावर ती पथकात आली. वडील तांबट. त्यांनी घडवलेला तांब्याचा लोटा ती प्रत्येक ड्यूटीला दोरी बांधून खांद्याला लटकवायची. प्लास्टिकची बाटली तिला आवडत नसे.

निघताना पलटण नायकांनी सगळ्यांना रांगेत उभं करून फॉलइन घेतलं.

"लेडीज जोडीने राहतील. काहीही झालं तरी जोडी तुटणार नाही. तुटली तर सीनियरला विचारीन."

सीनियर मी होते.

डांबरी रस्ता नाल्याशी संपला. तिथून पाडा बारा किलोमीटर, सगळी चढण. आम्ही दोघी, वायरलेस सेट घेतलेले एक हवालदार आणि मतदानाच्या पेट्या घेतलेले तीन मास्तर. सकाळी आठला चालायला लागलो. चैत्र संपत आला होता. दहालाच दगड तापले.

दुसऱ्या चढावर मागून दोन माणसं आली. बाई माझ्याच वयाची, डोक्यावर चक्कीवरून दळून आणलेलं पिठाचं पोतं. तिच्या मागे तिचा दीर, खांद्यावर छपराचे दोन पत्रे. दोघांच्या पायात काही नाही. आम्ही बाजूला झालो. ती दोघं अंगावर वारा येऊन जावा तशी गेली. पुढचं वळण आम्हाला दहा मिनिटांचं होतं. आम्ही मान वर करेपर्यंत ती त्या वळणाआड.

मंगला मागून ओरडली, "अक्का, हाई बाई शे का फटफटी?"

वरून बाईचा आवाज आला. "बूट काढा पोलीसबाई, मंग चालता येई!"

मंगला हसून खाली बसली. मी हसले नाही. पथकाच्या रूट मार्चला दर वर्षी मी पहिली यायची. पुरुषांच्या पुढे. मला राग आला होता.

साडेअकराला तीच दोघं रिकाम्या हातांनी उतरताना भेटली. वर जाऊन, पीठ आणि पत्रे टाकून परत आली होती. मास्तरांच्या पेट्या न्यायला त्यांना पाड्यावरच्या लोकांनी पाठवलं होतं. बाईचं नाव गुरली, दिराचं रेमसिंग. पावरा आदिवासी. त्यांनी पेट्या उचलल्या आणि पुन्हा आम्हाला मागे टाकलं. आम्ही दीड वाजता पोचलो तेव्हा पेट्या शाळेत लावलेल्या होत्या आणि गुरली चुलीवर भाकरी टाकत होती.

"उनी का पोलीसबाई?" ती म्हणाली. "मी म्हंतं, आते निवडणूक व्हयीसन येशी."

"आम्ही होमगार्ड. पोलीस नाही," मी म्हणाले.

"कपडा तोच शे ना?"

हल्ली मी मुलाकडे पिंप्राळ्यात राहते. कॉलनीत सकाळी लोक हातात पावलं मोजणारं घड्याळ बांधून चालतात आणि संध्याकाळी एकमेकांना आकडे सांगतात. मला गुरलीची फुटलेली टाच दिसते. 

मतदानाच्या दिवशी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी मंगला चहासाठी शाळेमागच्या ढिगातून लाकडं काढायला गेली. मी पट्टा बांधत होते. कुकरच्या शिटीसारखा आवाज आला. मग मंगलाची हाक. ओरडली नाही, नुसतं "अक्का" म्हणाली.

घोणस. उजव्या मनगटाच्या वर दोन भोकं. रक्त थांबत नव्हतं. मी तिच्या बांगड्या काढून खिशात टाकल्या, कारण हात सुजणार हे माहीत होतं. हाताला लाकडाची पट्टी बांधली, घट्ट नाही. तिला हलू दिलं नाही. एवढं प्रथमोपचारात शिकवलं होतं आणि तेवढं मी बरोबर केलं.

पाड्यावरचा एक म्हातारा म्हणाला, भगताला बोलावतो. रेमसिंगने त्याला बोलू दिलं नाही. "खाली न्यायचं. सरळ दवाखाना." तो बांबू आणायला गेला. गुरलीने घरातली चादर आणली. दोघांनी झोळी बांधली. चार मिनिटं लागली असतील.

हवालदार सेट घेऊन टेकाडावर चढले. शाळेतून रेंज नव्हती.

"कंट्रोल, बूथ सतरा."

"बोला सतरा."

"लेडीज होमगार्डला साप चावला. गाडी पाठवा. ओव्हर."

"गाडी नाल्यापर्यंतच येईल. पेशंट खाली आणा. किती वेळ? ओव्हर."

हवालदारांनी खाली बघून हाताने विचारलं. रेमसिंगने दोन बोटं दाखवली.

"दोन तास. ओव्हर."

हवालदारांना बूथ सोडता येत नव्हता, सातला मतदान सुरू होणार होतं. मंगलाबरोबर मी निघाले. सेट लागून बोलणं होईपर्यंत सहा पंचावन्न झाले होते. गुरली पुढे, रेमसिंग मागे, मध्ये मंगला. तिचा लोटा भरून मी माझ्या खांद्याला अडकवला.

पहिली काही मिनिटं मी बरोबर राहिले. मग दहा पावलं मागे. मग चाळीस. ती दोघं पळत नव्हती. गुडघे जरा वाकवून लहान लहान पावलं टाकत होती आणि बांबू हलत नव्हता. खांदा बदलायचा झाला की गुरली "हं" म्हणायची. दोघं चालता चालताच बांबू डोक्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यायची. थांबायची नाहीत. माझ्या बुटाखाली खडी सरकत होती. छातीत कळ येत होती. झोळी एका वळणाआड गेली आणि मला दिसेनाशी झाली.

मी शिटी वाजवली.

वळणावर पोचले तर दोघं उभी. सात पंचेचाळीस. आमच्या ड्रिलमध्ये पन्नास मिनिटं चाल आणि दहा मिनिटं हॉल्ट असतो.

"हॉल्ट," मी म्हणाले. "दहा मिनिटं. तुम्ही दमलात."

रेमसिंग म्हणाला, "बाई, आम्ही पुढे जातो. तुम्ही मागून या."

"नाही. जोडी तुटणार नाही."

"गाडी खाली येईल. गाडीत घालतो तिला."

"हुकूम आहे. हॉल्ट."

खरं सांगायचं तर माझ्या मनात आणखी एक होतं. या अनोळखी माणसांच्या खांद्यावर माझ्या पथकाची बाई एकटी द्यायची नाही. आदल्या दिवशी मी त्यांच्या हातची भाकरी खाल्ली होती, तरी तसं वाटलं.

मी दगडावर बसले आणि लोट्यातलं पाणी प्याले. त्यांना म्हणाले, झोळी खाली ठेवा. गुरलीने मान हलवली.

"खाली ठेवं की पाय बसी जातस. मंग उठतस नही."

पूर्ण दहा मिनिटं ती दोघं बांबू खांद्यावर घेऊन उभी राहिली.

झोळीतून मंगला म्हणाली, "अक्का, मी जड शे का?"

"नाहीस. गप्प पड."

"भाकर कमी खावाले पाहिजे व्हती."

दुसरा हॉल्ट आठ पस्तीसला. पन्नास मिनिटं झाली नव्हती. चाळीसच झाली होती. पण झोळी पुन्हा दिसेनाशी होत होती. पुन्हा दहा मिनिटं. मी प्याले, मंगलाचे ओठ ओले केले. तिचा हात कोपरापर्यंत काळानिळा झाला होता. हिरड्यांतून रक्त येत होतं.  रेमसिंग खाली नाल्याकडे बघत होता. तिथून रस्ता दिसत होता. रस्त्यावर गाडी उभी होती.

तिसरा हॉल्ट नऊ पंधराला. या वेळी मी शिटीसुद्धा वाजवू शकले नाही. पायात गोळे आले आणि मी पडले. हाक मारली. ती थांबली. उठायला मला चौदा मिनिटं लागली. चौदा मिनिटं मंगला उन्हात बांबूला लटकत होती. ती आता बोलत नव्हती.

गुरली एकदाच म्हणाली, "बाई, जाऊ का?"

"थांब," मी म्हणाले.

ती थांबली.

नऊ पंचेचाळीसला नाला आला. मंगलाला गाडीत घातलं, मी बसले, दार लागलं. ती दोघं रस्त्याच्या कडेला उभी होती. रेमसिंग रिकाम्या बांबूवरून चादर सोडत होता. गाडी निघाली.

शिरपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ताबडतोब इंजेक्शनं सुरू केली.

"केव्हा चावला?"

"सहा वीस."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "इतका वेळ?"

"बारा किलोमीटर. झोळीतून."

त्यांनी लिहून घेतलं. मग धुळ्याला न्या म्हणाले. अॅम्ब्युलन्समध्ये सलाईनची बाटली मी धरली होती. तापी ओलांडली, नरडाणा गेलं. दुपारी एक चाळीसला समोर सोनगीरचा किल्ला दिसायला लागला आणि मंगला गेली. ड्रायव्हरने विचारलं, थांबवू का? मी म्हणाले, नको, चल.

नंतर त्या डॉक्टरांना मी विचारलं होतं. अर्धा तास आधी आणलं असतं तर वाचली असती का? ते म्हणाले, सांगता येत नाही. माणूस सरळ होता, खोटं बोलला नसेल. सांगता येत नाही हे खरं. चौतीस मिनिटं होती हेही खरं.

पथकाने माझ्या नावाने शाबासकीचं पत्र दिलं. कठीण प्रसंगी जोडीदाराची साथ सोडली नाही, असं त्यात लिहिलं आहे. ते ट्रंकेत आहे. फाडलं नाही, कारण त्यात लिहिलेलं खोटं नाही.

वीस-बावीस दिवसांनी गुरली आणि रेमसिंग शिंदखेड्यात माझ्या दारात आले. होमगार्डची अक्का कुठे राहते, असं विचारत आले होते.

"कसे आलात?"

"पायी," रेमसिंग म्हणाला. "काल कोंबड्याला निघालो."

गुरलीने ओच्यातून मंगलाचा लोटा काढला. तिसऱ्या हॉल्टला मी तो दगडावर विसरले होते. वर परत जाताना त्यांना सापडला. तिने राखेने घासून लख्ख केला होता.

मी त्यांना बसवलं, जेवायला वाढलं. मग विचारलं, "मी थांबवलं नसतं तर केव्हा पोचला असता?"

रेमसिंगने घास खाली ठेवला. "दोन तास सांगितले होते."

"मग माझं ऐकलं कशाला? मी मागे पडले होते. तुम्हाला काय, निघून जायचं होतं."

गुरलीने माझ्याकडे मी येडी असल्यासारखं पाहिलं.

"तुना आंगवर खाकी व्हती. खाकीनी थांब म्हनं की आम्ही थांबतस. नही थांबनूत तर काय व्हस, ते तुले काय माहीत?"

  दमले मी होते. ते दमलेत असं मी म्हणाले, कारण मला दम लागला असं मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

लोटा घेऊन मी सोनगीरला गेले. मंगलाचे वडील दुकानात हंडा ठोकत होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तीन हॉल्ट, चौतीस मिनिटं, माझा हुकूम. त्यांनी हातोडी थांबवली नाही. माझं बोलून झाल्यावर थांबवली. लोटा हातात घेऊन फिरवून पाहिला.

"कोन घासं?"

"त्या बाईनं. गुरलीनं."

"खांदावर नेनारी?"

"हो."

"तठे तिले पानी पाजं का कोनी?"

मी आठवून पाहिलं. पहिल्या हॉल्टला मी प्याले. दुसऱ्याला मी आणि मंगला. तिसऱ्याला मी. त्या दोघांचे हात बांबूला होते. खाली गाडीत पाण्याचा कॅन होता, तो गाडीबरोबर निघून गेला.

"नाही आबा."

त्यांनी लोटा बाजूला ठेवला आणि हातोडी उचलली.

पुढे निवृत्त होईपर्यंत नव्या पोरींना मी परेडनंतर एकच सांगत होते. भरभर चालणारा जाऊ दे पुढे. जोडी तुटू दे. विचारलं तर माझं नाव सांग.

पथकाच्या कार्यालयात ड्यूटीवर गेलेल्यांच्या नावांचा फळा नाही. म्हणून इथे लिहिते. मंगला, महिला होमगार्ड, वय एकतीस, ड्यूटीवर असताना गेली. झोळी वाहणारे गुरली आणि रेमसिंग. निघालो सहा पंचावन्न. पोचलो नऊ पंचेचाळीस. हॉल्ट तीन, तिन्ही माझ्या हुकमाने.