मेथीचा मोठा झोन

"मॅडम, पाहा ना, केवढा झोन आला!" प्रगतीने काचेची प्लेट माझ्या टेबलावर ठेवली.

प्लेटमध्ये जिवाणू वाढवायचे आणि मधल्या खळग्यात बियांचा अर्क टाकायचा. दुसऱ्या दिवशी खळग्याभोवती जेवढं स्वच्छ वर्तुळ दिसेल, तेवढे जिवाणू अर्काने रोखले. त्या वर्तुळाला झोन म्हणतात. चिखलीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, पण मेथीचा एवढा झोन कधी पाहिला नव्हता. प्लेट घेऊन मी थेट प्राचार्यांकडे गेले. हुरळलेच होते.

विद्यापीठाच्या प्रोजेक्ट स्पर्धेला आठवडा उरला होता. तिथे निवड झाली तरच एम.एस्सी.ला पाठवू, असं प्रगतीच्या वडिलांनी तिला बजावलं होतं. ते उंद्रीला भाजीपाला पिकवतात.

दुपारी फोटोसाठी उरलेले दाणे कागदावर ओतले, तर बोटांना गुलाबी भुकटी लागली. मी प्रगतीला हाक मारली.

"दाणे कुठले गं?"

"घरचेच. तुम्हीच म्हणाल्या होत्या ना, दुकानातले नको."

म्हणाले होते खरी. तिला वडिलांना फोन लावायला सांगितलं.

"ते पेराले ठेवलेलं बियाणं हाय, ताई," ते म्हणाले. "कीड-रोग नको म्हणून औषध चोळलं त्याले. खायची मेथी तं डब्यात असते. काऊन, काही बिघडलं का?"

बिघडलं होतं. तो झोन बियाण्याच्या औषधाचा होता.

आम्ही दोघींनी जाऊन सांगितलं, तर प्राचार्य म्हणाले, "राहू द्या ना तोच. कोण विचारतंय?"

मी तोंड उघडायच्या आत प्रगती म्हणाली, "सर, पण मले तं माहीत झालं ना आता."

दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघरातली मेथी आणली. अर्क अल्कोहोलमध्ये काढतात, म्हणून एका खळग्यात नुसतं अल्कोहोलही टाकलं. त्याच्याभोवती काही आलं नाही. मेथीभोवती बारीकशी स्वच्छ कड आली. लहान, पण मेथीचीच.

स्पर्धेत तिने दोन्ही प्लेटा मांडल्या आणि चूक स्वतःच सांगितली. परीक्षकांनी विचारलं, "मोठ्या झोनचीच दाखवली असती तर?"

"मंग औषधाचं बक्षीस मेथीले भेटलं असतं, सर."

तिची निवड झाली. मागच्या रांगेत बसून मी डोळे पुसले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एवढा अभिमान क्वचितच वाटला असेल.

आता आमच्या लॅबच्या रजिस्टरात बियांच्या नावापुढे एक नवा रकाना आहे: खायचे की पेरायचे?