डाव्या स्पीकरमधले टाळ

आईची उशी मी फाडली, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो.

आमचं घर बोरीवलीत, दोन खोल्यांचं (दीड म्हण, अर्धी तुझ्या स्पीकर्सनी खाल्ली, इति माझी बायको शुभा). स्पीकरची जोडी मी जुनी घेतली होती आणि नवी परवडत नव्हती, म्हणून तिच्यावर स्वस्तातले उपाय चालू होते. आधी खाली कडप्प्याचे तुकडे ठेवले. मग रबरी चेंडू अर्धे कापून पाय लावले. तरी मृदंग पिंपात वाजल्यासारखाच येई. शेवटी कुठेतरी वाचलं की खोक्याच्या आत कापूस भरला की आवाज बांधीव होतो.

कापूस पलंगाच्या पेटीत होता, आईच्या जुन्या उशीत. ती उशी कोणी वापरत नव्हतं. आई चार दिवस वाकोल्याला ताईकडे गेली होती. मी उशी उसवली, स्पीकरचे स्क्रू काढले आणि कापूस कोंबला. एक गोळा जरा टणक लागला. जुना कापूस घट्ट होणारच, असा शास्त्रीय विचार करून तोही डाव्या स्पीकरमध्ये ढकलला.

अभंग लावला आणि मी चाट पडलो. मृदंगाच्या प्रत्येक थापेमागे बारीक किणकिण.

"शुभा, ऐकलंस? टाळ. इतकी वर्षं रेकॉर्डिंगमध्ये दडले होते."

"फक्त डावीकडूनच येतायत," शुभा म्हणाली.

"टाळकरी डावीकडे उभा असणार."

मी खालच्या मजल्यावरच्या महेशभाईंना बोलावून ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "झकास. काय केला तुम्ही?" मी सांगितलं, नुसता उशीचा कापूस. माझी छाती दोन इंच फुगली. (संध्याकाळी बातम्या लावल्या तर निवेदकाच्या भारदस्त आवाजामागेही टाळ वाजत होते. तेव्हा तरी शंका यायला हवी होती. मला वाटलं, चॅनेलने नवीन संगीत टाकलंय.)

शनिवारी आई परत आली. दुसऱ्या दिवशी आमच्या लेकीचा, केतकीचा साखरपुडा. आई थेट पलंगाकडे गेली, पेटी उघडली आणि मटकन खाली बसली.

"माझी उशी खंय आसा?"

"कुठली, ती जुनी?" मी विचारलं.

"तेच्यात माझी नथ होती. केतकीक देवची म्हणान ठेवलेली."

मी डाव्या स्पीकरकडे पाहिलं. शुभाचा चेहरा पांढरा पडला.

"आई, नथ कोणी उशीत ठेवतं का?"

"कपाट चोर पयलो फोडता," आई म्हणाली. "त्या लताक इचारा. पलंगाखालचो केर तीच काढता."

लता आमच्याकडे नऊ वर्षं काम करते आणि त्या क्षणी ती दारात चपला काढत होती. तिने ते ऐकलं. तिचं तोंड एवढंसं झालं.

"लताने नाही," मी म्हणालो. "मी. ती स्पीकरमध्ये आहे."

मी डावा स्पीकर जमिनीवर आडवा केला. माझ्या हातून स्क्रूड्रायव्हर दोनदा पडला, तेव्हा तो लतानेच उचलून दिला. कापूस निघाला, फडक्याची सुटलेली पुरचुंडी निघाली, आणि अगदी तळाशी लाकडाला टेकलेली नथ. तार जराशी वाकली होती. आईने सगळे मोती बोटाने चाचपले, मग उठून लताचा हात धरला.

"चुकलंय गो बाय."

लता मानेनेच ठीक आहे म्हणाली. मग आई माझ्याकडे वळली. "तुझ्या बापाशीनसुद्धा कधी माझ्या उशयेक हात लावूक नाय."

दुसऱ्या दिवशी नथ केतकीच्या नाकात छान दिसली. शुभा पाहुण्यांना फक्त एवढंच सांगत होती की नथ खानदानी आहे.

सोमवारी महेशभाई दारात उभे. केसांत कापूस.

"मी पण उशी फाडली. दोन्ही स्पीकरमध्ये भरला. टाळ काय येत नाय."

आत आई जेवत होती. तिचा घास हातातच थांबला. खरं सांगायची ती उत्तम वेळ होती, पण साऱ्या बिल्डिंगमध्ये कानाचा पक्का म्हणून माझी ओळख झाली होती.

"महेशभाई," मी गंभीरपणे म्हणालो, "कापूस निदान तीस वर्षं मुरलेला लागतो."