पेढे वाटलेला मोबाईल

ती घटना विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही. कुणाच्याही घरचा पेढा हातावर पडला की ती हटकून आठवते.

निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. मी नगर शहरातल्या एका पोलीस ठाण्यात होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती, तेवढ्यात एक परदेशी बाई धावत आत आली. गुडघा फुटलेला, धाप लागलेली. स्टँडजवळ रस्त्याच्या कडेला उभी राहून ती मोबाईलवर नकाशा पाहत होती. मागून दुचाकी आली आणि मोबाईल हिसकावून गेली. परदेशी पाहुण्यांची ही नेहमीची चूक. फोन रस्त्याकडच्या हातात, नजर त्यात बुडालेली. चोराला आणखी काय हवं?

मी म्हटलं, "बसा, तक्रार लिहून घेऊ." तिने नकारार्थी मान हलवली. "मोबाईल गेला तर जाऊ द्या, माझे वडील सापडत नाहीत."

ती दुचाकीमागे धावली होती. पंच्याहत्तरी ओलांडलेले वडील फुटपाथवर तसेच उभे राहिले. त्यांना स्मृतिभ्रंश होता, स्वतःचं नावही कधी आठवे, कधी नाही. ती परत आली तेव्हा ते तिथे नव्हते. त्यांच्या कोटाच्या खिशात रुपयाएवढी एक चकती होती. ती चकती कुठे आहे ते मुलीच्या मोबाईलवर दिसायचं. दुसऱ्या मोबाईलवरून पाहू म्हटलं, तर ओटीपी येणार त्या चोरीच्याच मोबाईलवर. माझं डोकंच चालेना. एरवी आम्ही चोर पकडतो आणि मग मोबाईल मिळतो. इथे मोबाईल मिळाला तरच माणूस मिळणार होता.

ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद केली. सगळ्या ठाण्यांना बिनतारी संदेश गेला. दवाखाने, लॉज, रेल्वे स्टेशन पाहून झालं. स्टँडवरच्या चहावाल्याने एक गोरा म्हातारा गर्दीबरोबर एसटीत चढताना पाहिला होता, पण गाडी कुठली ते त्याला सांगता येईना. नगरहून गाड्या दाही दिशांना जातात. मोबाईलच्या जांभळ्या कव्हरात दाबून ठेवलेलं एक वाळलेलं फूल होतं. तेवढी खूण मी पोलीस पाटलांच्या ग्रुपवर टाकली. आशा फारशी नव्हती.

दुपार कलली तसा सोनईकडच्या एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, आत्ताच शेजारनं पेढा आलाय. नवऱ्यानं नवा मोबाईल घेतला म्हनून शेजारीन वाटतीया. मी बघायला गेल्तो. कव्हरात वाळकं फूल हाय. आधी वाटलं, परसादाचं आसंल."

आपल्याकडे गाडी घ्या, फ्रिज घ्या, नाहीतर मोबाईल घ्या. हळदकुंकू वाहिल्याशिवाय आणि गल्लीचं तोंड गोड केल्याशिवाय ती वस्तू घरची होत नाही. आमचा चोर हिसकावण्यात पटाईत होता, पण बायकोपुढे त्याचा निभाव लागला नाही. तिला तो मोबाईल त्याच्या पँटच्या खिशात सापडला. "हा कुनाचा?" म्हणाली. "तुझ्यासाठीच घेतलाय," हा बोलून गेला. तिने तो देव्हाऱ्यापुढे ठेवला, नारळ फोडला, पेढे आणवले. आता अडवणार कसा?

स्थानिक ठाण्याला कळवून आम्ही जीप काढली. मुलगी महिला शिपायासोबत मागे बसली. वाटेत ती एकच प्रश्न विचारत राहिली, "अंधार किती वाजता पडतो?"

घराच्या ओट्यावर तो उभाच होता. जीप पाहून चेहरा उतरला.

"मोबाईल कुठाय?"

"कसला मोबाईल साहेब? आमी शेतकरी मानसं."

शेजारपाजारचे गोळा झाले. सगळ्यांच्या पोटात पेढा होता आणि हा म्हणतोय कसला मोबाईल! माझा हात शिवशिवत होता, खोटं कशाला बोलू. पण मार खाल्लेला माणूस आधी खोटं सांगतो आणि मग खरं, तेवढा वेळ माझ्याकडे नव्हता. बायको दारात पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती. मी त्याचा नाद सोडला आणि तिला सगळं सांगितलं. ही मुलगी कोण, वडील कसे हरवले, मोबाईल कशासाठी हवा.

तिने ताट खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे वळली.

"म्हातारं मानूस हाय. रात झाली तर कुठं जाईल ते? आन् मी चोरीच्या मोबाईलची पुजा केली व्हय!"

तो मान खाली घालून म्हणाला, "कडब्याच्या गंजीत हाय. पाटील बघून गेलं, तवाच दडवला."

तिने स्वतः गंजीत हात घालून मोबाईल काढला. पदराने कुंकू पुसायला गेली आणि थांबली. तसाच मुलीच्या हातात दिला. सिम त्याने केव्हाच फेकलं होतं. हवालदाराने आपल्या मोबाईलचं नेट दिलं. नकाशा उघडला. ठिपका कोल्हारला होता, अगदी प्रवरा नदीच्या काठावर.

मी कोल्हारकडच्या ठाण्याला फोन लावला आणि आम्हीही सुटलो. ठिपका हलत नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. म्हातारा घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसला होता. बूट नीट जोडून शेजारी ठेवलेले, पाय घोट्यापर्यंत पाण्यात. दोन्ही बाजूंना दोन गावकरी त्याचे दंड धरून बसले होते. आमचा फोन येण्याआधीच त्यांनी त्याला पाण्यातून मागे ओढलं होतं. मुलगी त्याच्या गळ्यात पडून रडली. माझेही डोळे भरून आले, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

जबरी चोरीचा गुन्हा, पंचनामा, मुद्देमाल, सगळं रीतसर झालं. दुसऱ्या दिवशी चोराची बायको एकटी ठाण्यात आली. नवऱ्याला सोडा म्हणायला आली असेल, असं मला वाटलं.

"साहेब, ते बाबा बरे हायेत ना?"

"बरे आहेत."

"मग झालं." ती उठली. दारात थांबून म्हणाली, "पेढे दिल्ते त्या समद्या घरी सकाळी जाऊन आले. मोबाईल चोरीचा हुता, आसं सांगून आले. लोकांनी तोंड गोड केलं हुतं, त्यांना खरं कळाय पायजे."

परदेशी पाहुण्यांना मी आजही सांगतो, फोन रस्त्याकडच्या हातात धरू नका, आणि गेला तर चोरामागे धावू नका, सोबतच्या माणसाचा हात धरा. ते शिकवायला पोलीस पुरे. पण नोकरीत मी शेकडो कबुलीजबाब घेतले. त्या बाईने गल्लीत दारोदार जाऊन दिला, तसा एकही मला कधी घेता आला नाही.