मानसशास्त्र की भूगोल?

अकरावीला मानसशास्त्र घेतलं आणि किस्से आपोआप जमायला लागले. वर्गात आम्ही अकराच जण, पण एकेकाच्या घरी एवढा मसाला की मॅडमना पुस्तक उघडायलाच वेळ मिळत नाही! मला हा विषय मनापासून आवडतो. बाबांना मात्र तो पहिल्या दिवसापासून खुपतोय. ते मच्छीमार बोटीवर तांडेल आहेत, अख्खी बोट त्यांच्या शब्दावर चालते. "येड्यांचा विषय हाय तो. भूगोल घे, त्यात निदान समुद्र तरी असतो!" पावसाळ्यात मासेमारी बंद, त्यामुळे बाबा घरीच. बोट सुटायच्या आत कॉलेजात येऊन विषय बदलणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. मला धडकीच भरली.

*

विषय घेतल्याची बातमी वाडीत पसरली. शेजारच्या काकूंनी मला रस्त्यातच अडवलं. "काय गो, माझ्या मनात काय चाललंय ते सांग बघू!"

मी ऐटीत म्हटलं, "तुम्ही सुनेवर चिडलायत."

काकू गारच! अहो, सकाळचं त्यांचं भांडण अख्ख्या वाडीने ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या पडवीत तिघी जणी नंबर लावून बसल्या होत्या.

*

आमची सायली लांज्याकडची. घरात चौदा माणसं. व्यक्तिमत्त्व चाचणीत प्रश्न आला, 'तुम्हाला एकटं राहायला आवडतं का?' पर्याय दोनच, हो किंवा नाही. सायलीने दोन्ही खोडले आणि खाली लिहिलं, "अजून संधी मिळाली नाही."

या चाचणीला मार्क नसतात. तरी मॅडमनी तिला एक दिला.

*

ओंकारने घरच्या मांजराला शिकवण्याचा प्रयोग केला आणि वर्गात छाती फुगवून सांगितला. "मॅडम, मी घंटा वाजवली की मांजर जेवायला हजर!"

"छान! आणि घंटा कधी वाजवतोस?"

"ते ओरडायला लागलं की."

*

स्मरणशक्तीच्या प्रयोगाला मी आईलाच बसवलं. ती बाजारात मासे विकते. वीस शब्द एकदा वाचून दाखवायचे आणि आठवतील तेवढे तिने सांगायचे. खुर्ची, ढग, पापलेट, चावी, बांगडा, असे काहीबाही शब्द होते. आईने फक्त मासे सांगितले, तेही सात. यादीत पाचच होते!

"आई, सुरमई आणि हलवा यादीत नाहीयेत."

"मग घाल की! असली कसली गो तुमची यादी?"

*

शेवटी बाबा कॉलेजात आलेच. इस्त्रीचा शर्ट, हातात विषय बदलायचा अर्ज. मी मॅडमच्या टेबलाशेजारी उभी.

मॅडम म्हणाल्या, "बसा."

बाबा बसले आणि सुरू झाले. आधी माझा विषय, मग लोक काय म्हणतात ते, मग बोट, वादळ, फाटलेली जाळी. मग एकदम त्यांची स्वतःची शाळा निघाली. सातवीत पहिला नंबर आला होता आणि त्याच वर्षी दप्तर ठेवून बोटीवर जावं लागलं होतं. हे मी कधीच ऐकलं नव्हतं. मला रडूच आलं. मॅडम मधूनमधून नुसतं "हं" म्हणत होत्या.

पाऊण तासाने बाबा थांबले. पाणी प्यायले. अर्जाची घडी करून खिशात घातली आणि नमस्कार करून उठले.

मी गेटपर्यंत त्यांच्या मागोमाग गेले. तिथे थांबून म्हणाले, "ऱ्हाऊ दे तुझा विषय. बाई काय सुंदर बोलतात गो!"