त्रेचाळिसाव्या वर्षी अल्पवयीन

हसायचं ते आताच हसून घ्या बापा, म्हणजे मले नीट सांगता येईल. कारण माझ्यासारखा मिशावाला, दोन पोरींचा बाप असलेला माणूस एका सकाळी अकोल्यात अल्पवयीन ठरला! आणि ठरवलं कोणी? माझं मीच!

त्या वर्षांत कापसानं आमच्याकडे पाठच फिरवली होती. बार्शीटाकळीजवळच्या आमच्या वावरात लागोपाठ दोन हंगाम पावसानं आणि अळीनं वाटून खाल्ले, तेव्हा मी दीड एकरात झेंडू लावला. गाव हसलं. "देविदास, आता देवळापुढं हार घेऊन बसतं का?" पण झेंडू असा फुलला, असा फुलला, की हसणारे बांधावर येऊन फुकटात फुलं मागू लागले.

अमरावतीच्या एका फूलव्यापाऱ्याच्या दुकानात जाऊन नमुना दाखवला. तो म्हणाला, "दसऱ्याले किती माल पाह्यजे ते कळवतो. फोन नंबर द्या."

द्यायचा की नाही सरळ? पण शेजारी एक जीन्सवाला शेतकरी उभा होता. त्याच्यासमोर माझी छाती उगाच फुगली. "फोन कशाले? मेल करा. आपलं सारं इंटरनेटवर असते!" असं म्हणून मेलचा पत्ता दिला आणि ऐटीत बाहेर पडलो. त्याचा नंबर घ्यायचंही सुचलं नाही.

आता हे माझं मेलचं खातं उघडून दिलेलं अकोल्याच्या जुन्या शहरातल्या रेहानाभाभींनी. त्यांचं इंटरनेटचं दुकान. दसरा आठ दिवसांवर आला, तसा मी सकाळीच तिथं पोचलो. "भाभी, तुमी बसा. मी करतो."

खातं उघडण्याआधीच कॉम्प्युटरनं एक नवा फॉर्म पुढं केला. महिना, दिवस, वर्ष, असे तीन रकाने. आता मला सांगा, फॉर्म म्हणजे माझ्या हातचा मळ! गावातल्या नुकसानीचे, विजेच्या मीटरचे सगळे अर्ज मीच भरतो. प्रत्येक अर्जाच्या खाली काय असतं? दिनांक! मी झोकात त्या दिवसाची तारीख टाकली आणि बटण दाबलं.

पडदाभर इंग्रजी!

"भाभी, हे काय म्हणून राह्यलं?"

भाभी ओढणी सावरत आल्या. पडदा वाचला. माझ्याकडे पाहिलं. परत पडदा वाचला. मग माझ्या मिशांकडे पाहिलं.

"देविदासभाऊ, ये तो बोल रहा है, आप आज पैदा हुए."

"आज?"

"आज ही. आणि तेरा वर्षांखालच्या बच्चे लोकांना खातं ठेवता येत नाही, असा कायदा आहे म्हणते. बंद केलं. महिनाभरानं पुसून टाकणार."

ऑर्डर आत, मी बाहेर. झेंडू काय तेरा वर्षं थांबणार होता?

तेवढ्यात कोणाची तरी झेरॉक्स अडकली, भाभी तिकडे धावल्या. मी एकटाच ते इंग्रजी वाचत बसलो. त्यात एक ओळखीचा शब्द दिसला. पेरेंट! पेरेंट म्हणजे पालक. पालकाची परवानगी पाहिजे, एवढंच ना? कोणाला काही न विचारता उठलो आणि पातूरची एसटी धरली. माझी माय तिथं धाकट्या भावाकडे राहते.

"माय, चाल अकोल्याले. तुह्यी परवानगी पाह्यजे."

"कशाची? दुसरं लगन करतं का?"

"नाई व! माही उमर कमी भरली."

मायनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

दुपारी आम्ही दुकानात हजर. कॉलेजची चार-पाच पोरं बसलेली. माय फिरत्या खुर्चीवर बसली, खुर्चीसोबत अर्धी गरकन फिरली आणि तिथूनच बोलू लागली.

"लिवून घ्या बाई. हा माहा पोरगा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. पन याच्या वयाचा भरोसा नोका करू. दहावीपावतर याले म्या यष्टीत अर्ध्या तिकिटावर आनला. कंडक्टरनं इचारलं की हा सोताच अंगठा तोंडात घाले!"

दुकान फुटलं हसून!

"माय, ते नोको सांगू! फक्त परवानगी दे."

"कावून देऊ? कम्पुटरवर काय काय पायतात पोट्टे, मले मालूम नाई का? नाई देत, जाय!"

भर दुकानात, त्रेचाळिसाव्या वर्षी, मी मायपुढं हात जोडून उभा! भाभींच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं.

"अम्माजी, इजाजत की जरूरतच नाही! देविदासभाऊ, खाली लिहिलंय ना, तारीख चुकली असेल तर वयाचा सरकारी पुरावा पाठवा. मतदानाचं कार्ड आहे?"

होतं. सकाळपासून माझ्या खिशातच होतं.

भाभींनी कार्ड स्कॅन करून आपल्या मेलवरून पाठवलं. "आता आठ-दहा दिवस लागतील."

आठ-दहा दिवस! म्हणजे दसरा गेला, झेंडू वावरातच वाळला. मी डोकं धरून बसलो. एसटीत सगळी हकिकत ऐकलेली माय मात्र शांतपणे विचारू लागली.

"त्या व्यापाऱ्याचं दुकान पायलं हाये ना तुनं?"

"हो."

"अमरावतीलेच हाये ना?"

"हो."

"मंग अमरावतीची यष्टी बंद हाये का?"

मी मायची पिशवी उचलली आणि स्टँडकडे निघालो.

दिवस मावळायच्या आत आम्ही व्यापाऱ्यापुढं उभे होतो. तो म्हणाला, "मेल टाकला होता की माह्या पोरीनं! उत्तर नाई आलं, म्हणून उद्या दुसऱ्याले सांगणार होतो." पुढचा सौदा मायनंच केला, भावही तिनंच वाढवून घेतला. मी तिची पिशवी धरून उभा होतो. माल वेळेवर गेला, दसरा गोड झाला.

पुढच्या आठवड्यात भाभींच्या मेलवर उत्तर आलं. त्यांनी ते छापूनच दिलं. "मुबारक हो भाऊ, आप बालिग हो गए!"

तो कागद घेऊन मी मुद्दाम पातूरला गेलो. माय ओसरीवर तूर निवडत होती. तिला ताठ मानेनं वाचून दाखवला. "पाय माय, मोठ्या कंपनीनं मान्य केलं. मी सज्ञान हाये!"

मायनं सुपातून मान वर केली नाही.

"त्याइनं वय तपासलं, अक्कल नाई तपासली. कागद घडी घालून ठेव आन गुमान बस, नाई तं पुन्ना बंद करतीन."