विमान फुटलं की पीस ओके

सोल्डरिंगचा वास आला की मला उल्हासनगर कॅम्प चारमधलं ते वर्कशॉप आठवतं. दोन हजार पाचच्या सुमारास तिथे डुप्लिकेट व्हिडिओ गेम जोडले जायचे आणि मी नि शेजारच्या काकू ते टीव्हीला लावून तपासायचो. कॅसेट नेहमी तीच, खाली सरकणारं काळं आकाश आणि तळाशी एक छोटं विमान. जॉयस्टिक लावायच्या आधी ते नमुन्यादाखल स्वतःच थोडं उडायचं आणि दर वेळी समोरून येणाऱ्या शत्रूच्या विमानांच्या तिसऱ्या टोळीच्या गोळीनं फुटायचं. ते फुटलं की पीस ओके, असा आमचा नियम. एका दुपारी ते फुटलं नाही. गोळ्या चुकवत ते आम्ही कधीच न पाहिलेल्या आकाशात जात राहिलं आणि मधोमध थांबलं. त्यानं गोळ्या मारणं बंद केलं, मग समोरच्यांनीही. काकू हळूच म्हणाल्या, "वायर काढ. शेटला बोलू नको, आपल्यालाच ऐकवेल." मी वायर काढली, ओकेचा स्टिकर चिकटवला आणि खोका बंद केला. तो कुणाच्या तरी घरी गेला. अजूनही कुठे असा गेम चालू दिसला, की मी आधी जॉयस्टिक कुणाच्या हातात आहे का ते बघते.